स्वादुपिंडातील गाठ : कर्करोग की क्षय?

क्षयरोगाला आपल्या प्राचीन वैद्यांनी ‘राजयक्ष्मा’ हे नाव दिले. चरकसंहितेत या रोगासाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि प्रत्यक्ष चंद्राला तो जडल्याची कथाही तेथे आली आहे. पुढे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू जगापुढे ठेवला. मात्र अठ्ठावीस वर्षे मुलांवर उपचार केल्यानंतर मला असे वाटते की, या रोगाला राजा म्हणण्यापेक्षा बहुरूपी म्हणणे अधिक योग्य ठरेल. गावातला बहुरूपी आज फौजदार तर उद्या सावकार बनून दारी यावा, तसा हा रोग कधी मणक्यात पाठदुखी बनून येतो, कधी मेंदूच्या आवरणात ताप आणि झटके घेऊन येतो, तर कधी मानेत निरुपद्रवी वाटणाऱ्या गाठी होऊन बसतो. त्याच्या सर्व सोंगांत फसवे सोंग म्हणजे स्वादुपिंडातील गाठ. कारण तेथे तो कर्करोगाचा वेष धारण करतो.

आपल्या स्मरणिकेचे वाचक दोन प्रकारचे आहेत. एक आपले डॉक्टर सभासद आणि दुसरे त्यांचे कुटुंबीय व समाजातील स्नेही. हा विषय दोघांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून शक्य तेवढ्या सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करतो. तज्ज्ञ मित्रांनी प्राथमिक माहितीचा भाग गोड मानून घ्यावा.

दडून बसलेली ग्रंथी

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, मणक्यावर आडवी विसावलेली सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी. तिचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि शेपूट प्लीहेपर्यंत पोहोचते. यकृताकडून येणारी पित्तनलिका या डोक्यातूनच आतड्याकडे जाते. त्यामुळे डोक्यात गाठ झाली की पित्ताची वाट अडते. लघवी गडद पिवळी होते, शौचाचा रंग मातकट पांढरा होतो, अंगाला खाज सुटते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. ही अडथळ्याची कावीळ होय.

क्षयाचे जंतू या ग्रंथीत क्वचितच ठाण मांडतात. तिच्या तीव्र पाचकरसांपुढे त्यांचा टिकाव लागत नसावा, असा तर्क अनेक अभ्यासकांनी केला आहे. ऑअरबाख यांनी १९४४ साली क्षयरुग्णांच्या १६५६ शवविच्छेदनांचा आढावा घेतला; त्यांपैकी केवळ १४ जणांच्या स्वादुपिंडात हा रोग आढळला. तो काळ असा होता की, हे निदान बहुधा मृत्यूनंतरच होत असे. सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड यांचा प्रसार झाल्यावर असे रुग्ण हयातीत सापडू लागले. जंतू येथे रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांवाटे येतात, अथवा शेजारच्या लसिकाग्रंथींतून थेट आत शिरतात. फुप्फुस मात्र अनेकदा अगदी स्वच्छ असते. ‘छातीचा एक्स-रे चांगला आहे, म्हणजे क्षय नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो.

जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. जो आजार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात तळटिपेत जातो, त्याची आठवण आपल्याला दवाखान्यात रोज ठेवावी लागते, ती यासाठी.

साम्य कोठवर?

भूक मंदावणे, वजन घटणे, पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी वेदना आणि कावीळ ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच. सोनोग्राफीत दोन्हींकडे काळपट गाठ दिसते आणि तीही बहुधा डोक्याच्या भागातच. रक्तातील सीए १९-९ या कर्करोगसूचक घटकाचा मोठा आधार वाटतो. परंतु पित्ताची वाट अडली की हा घटक कर्करोगाविनाही वाढतो. पेट स्कॅनवर अलीकडे लोकांचा फार विश्वास आहे. ‘पेटमध्ये गाठ चमकली’ हे वाक्य नातेवाईक निकालपत्रासारखे सांगतात. वास्तविक तो तपास पेशींची साखर वापरण्याची धडपड दाखवतो. ती धडपड कर्करोगात असते, तशीच क्षयाच्या दाहातही असते.

आणखी एक अडचण आहे. प्रौढ रुग्णात स्वादुपिंडाची गाठ काढण्याजोगी असेल आणि चित्र कर्करोगाचे असेल, तर बायोप्सीवाचून शस्त्रक्रिया करावी, हे जगभर मान्य असलेले धोरण आहे. त्यामागे विचार आहे. सुईने घेतलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आल्या नाहीत, म्हणून कर्करोग नाही असे ठरत नाही आणि विलंब झाला तर शस्त्रक्रियेची संधी निसटते. परंतु याच वाटेने क्षयाचे काही रुग्ण व्हिपल शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात आणि खरा रोग कळतो तो काढलेल्या अवयवाच्या तपासणीत. ॲलन व्हिपल यांच्या १९३५ मधील कार्यामुळे प्रसिद्धीस आलेल्या या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून टाकतात. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा रुग्ण तेवढे सारे गमावून बसतो.

एका मुलीची हकिकत

२०१८ च्या पावसाळ्यातील एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. देवासजवळच्या एका गावातील चौदा वर्षांची मुलगी. घराणे पवारांच्या काळापासून माळव्यात स्थायिक. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळवी. एकत्र कुटुंबात आजी, आईवडील, काका-काकू आणि तीन वर्षांचा चुलतभाऊ. मुलीला दोन महिने संध्याकाळचा ताप येत होता. विषमज्वर समजून दोनदा उपचार झाले. वजन ४१ किलोवरून ३४ वर आले आणि मग कावीळ दिसू लागली. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्यात साडेतीन सेंटिमीटरची गाठ आढळली आणि अहवालाच्या शेवटी कर्करोगाची शक्यता नोंदवलेली होती. एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला. वडिलांनी दीड बिघा जमीन गहाण टाकण्याची बोलणी केली होती.

“डॉक्टरसाहेब, लहानपणापासून तिला तुम्हीच पाहिलंय. ऑपरेशनआधी एकदा तुमच्या नजरेखालून जावं, म्हणून आलो,” असे ते म्हणाले. घरातील थोरांनी मुलीपासून सारे लपवले होते, निदान त्यांची तशी समजूत होती. मी पोट तपासत असताना तिने हळूच विचारले, “डॉक्टरकाका, मला कॅन्सर झालाय ना? आजी देवघरात बसून रडते.”

बालरोगतज्ज्ञाला येथे एक फायदा असतो. प्रौढांना होणारा स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग मुलांत जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लहान वयात अशी गाठ आढळली की यादी वेगळी करावी लागते. किशोरवयीन मुलींत स्वादुपिंडाची एक विशिष्ट, सावकाश वाढणारी अर्बुदगाठ आढळते. परंतु तिच्यात ताप आणि कावीळ सहसा नसते. लहान मुलांतील पँक्रिएटोब्लास्टोमा अतिशय दुर्मीळ. खरा प्रतिस्पर्धी होता लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. कारण ताप, वजनघट आणि पोटातील गाठी ही लक्षणे त्यातही असतात.

सीटी स्कॅनच्या फिल्म्स मी क्ष-किरणतज्ज्ञ मित्रासमवेत पुन्हा पाहिल्या. गाठीच्या भोवती अनेक लसिकाग्रंथी वाढलेल्या होत्या. त्यांच्या कडा उजळ आणि मध्यभाग काळा होता. आतील भाग सडून मऊ झाल्याची ती खूण. पोटात थोडे पाणी होते. गाठ डोक्यात असूनही स्वादुपिंडाची मुख्य नलिका फुगलेली नव्हती. मांटू चाचणी १८ मिलिमीटर आली. एचआयव्ही चाचणी निर्दोष होती. या सगळ्या खुणा क्षयाकडे बोट दाखवत होत्या. पण बोट दाखवणे निराळे आणि पुरावा देणे निराळे. यांतील एकही खूण अशी नाही की जी कर्करोगात किंवा लिंफोमात कधीच दिसत नाही.

पुरावा उतीतच

अशा वेळी प्रथम रुग्णाची मान, काखा आणि जांघा नीट चाचपाव्यात. वर हाताला लागणारी एखादी गाठ असेल तर तिचा तुकडा घेणे सर्वांत सोपे. या मुलीत तशी गाठ नव्हती. म्हणून पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड केले. या तपासात दुर्बीण तोंडावाटे जठरात आणि पुढे आतड्याच्या वळणापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते. तेथून स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे असते. गाठ डोळ्यांपुढे ठेवून तिच्यात बारीक सुई घालता येते आणि शेजारच्या लसिकाग्रंथीतूनही नमुना घेता येतो.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट तरुण सहकाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो. नमुना घेण्यापूर्वीच दोन बाटल्या तयार ठेवाव्यात. एकीत फॉर्मेलिन, दुसरीत निर्जंतुक सलाइन. सगळा नमुना सवयीने फॉर्मेलिनमध्ये गेला, तर त्यात जंतू मरतात आणि कल्चरची वाटच बंद होते. मग उरतो तो केवळ सूक्ष्मदर्शकाचा अहवाल. त्यात ग्रॅन्युलोमा दिसला तरी तो क्षयाचाच असेल असे नाही. सार्कॉइड, क्रोन्स आजार, बुरशीचे संसर्ग यांतही तो असतो. क्वचित खुद्द कर्करोगाशेजारच्या लसिकाग्रंथीतही ग्रॅन्युलोमा आढळतो. जंतूची ओळख पटल्याखेरीज निदान पुरे होत नाही.

ही ओळख पूर्वी कल्चरवर अवलंबून असे आणि त्यास सहा ते आठ आठवडे लागत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेल्या जनुकीय चाचणीने, म्हणजे आपल्याकडील ‘सीबीनॅट’ने, सुमारे दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसीन त्याला लागू पडेल की नाही, हे दोन्ही कळते. मात्र फुप्फुसाबाहेरील क्षयात जंतूंची संख्या थोडी असते. चाचणी नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी कल्चरची वाट पाहणे, नमुना पुन्हा घेणे किंवा लॅपरोस्कोपीने आत पाहणे, हे मार्ग मोकळे असतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ साली लॅपरोस्कोपी सुरू केली. पोटाच्या क्षयाचे निदान हा आपल्या देशात या तंत्राचा मोठाच उपयोग ठरला.

आमच्या मुलीच्या नमुन्यात सडलेल्या मध्यभागासह ग्रॅन्युलोमा आढळला, कर्करोगाच्या किंवा लिंफोमाच्या पेशी नव्हत्या आणि सीबीनॅट सकारात्मक आली. जंतू रिफाम्पिसीनला दाद देणारा होता. शस्त्रक्रियेचा दिवस रद्द झाला.

उपचार आणि घर

कावीळ असताना क्षयाची औषधे सुरू करणे जोखमीचे, कारण त्यांतील तीन औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. म्हणून प्रथम पित्तनलिकेत लहानशी नळी बसवून पित्ताला वाट करून दिली. रक्तातील पित्ताचे प्रमाण उतरल्यावर वजनानुसार दररोज द्यायची औषधे सुरू झाली : दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन. यकृताच्या तपासण्या आरंभी दर आठवड्याला होत. तिसऱ्याच दिवशी आई घाबरून धावत आली; लघवी पुन्हा लालसर झाली होती. तो रिफाम्पिसीनचा रंग होता. ही गोष्ट पहिल्या दिवशीच घरच्यांना सांगून ठेवावी; काविळीने होरपळलेल्या घरात तो रंग मोठी धास्ती घालतो.

आजी एकदा एकट्या आल्या. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोटात गाठ होती, बरी झाली, एवढंच सांगा. टीबी म्हणू नका. पोरीचं लग्न व्हायचंय.” मी क्षणभर गप्प झालो. कर्करोगाच्या नावाने आठवडाभर देवघरात रडणाऱ्या आजींना क्षयाच्या नावाची लाज वाटत होती. मी म्हटले, “आजी, गावाला आपण काहीही सांगणार नाही. सरकारदरबारी नोंद करावी लागते, तो कायदा आहे आणि ती नोंद गोपनीय असते. पण घरातल्या प्रत्येकाची तपासणी मात्र झालीच पाहिजे.”

तपासणीत काकांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. त्यांना तीन-चार महिने खोकला होता आणि घरात त्याला ‘विडीचा खोकला’ असे नाव पडले होते. मुलीला संसर्ग बहुधा तेथूनच झाला. मुलाला क्षय झाला की आसपासच्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाचा शोध घ्यावा, हा बालरोगशास्त्राचा जुनाच धडा आहे. काकांचे उपचार सुरू झाले. तीन वर्षांच्या भावाला रोग नव्हता. त्याला सहा महिने आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध दिले. गाठीला कर्करोग मानून घर तेथेच थांबले असते, तर निदान काही आठवडे तरी काकांच्या खोकल्याकडे कोणी वळून पाहिले नसते. कर्करोगाच्या घरात कोणी कोणाची थुंकी तपासत नाही. आणि ते आठवडे त्या तीन वर्षांच्या मुलासाठी फार मोलाचे होते.

तिसऱ्या महिन्यात नळी काढली. सहा महिने पूर्ण झाल्यावर केलेल्या सीटी स्कॅनमध्ये गाठ नव्हती. वजन ४३ किलो होते.

‘औषध देऊन पाहू’

या उदाहरणावरून कोणी असा अर्थ काढू नये की, स्वादुपिंडात गाठ दिसली की आधी क्षयाची औषधे द्यावीत. तो दुसऱ्या टोकाचा अविचार ठरेल. साठीच्या पुढे, ताप नसताना, वेदनेविना कावीळ झालेल्या रुग्णात कर्करोगाचीच शक्यता अधिक, आपल्या देशातही. अशा रुग्णाला ‘दोन महिने औषध देऊन पाहू’ म्हणत ठेवले, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. लिंफोमाच्या रुग्णाला स्टेरॉइड दिले तर गाठ तात्पुरती आक्रसते आणि निदान आणखी गोंधळते. तापासाठी सहज लिहिले जाणारे लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाला अर्धवट दाबून टाकते आणि जंतू सापडणे कठीण करते. रक्तातील क्षयाच्या प्रतिपिंड चाचण्यांवर भारत सरकारने जून २०१२ मध्ये बंदी घातली, तीही अशाच फसव्या निदानांमुळे.

थोडक्यात, प्रौढांत प्रत्येकाची बायोप्सी करा, असा आग्रह नाही. वय चाळिशीच्या आत, संध्याकाळचा ताप, मध्यभागी काळ्या दिसणाऱ्या लसिकाग्रंथी, पोटात पाणी, यकृत वा प्लीहेत बारीक गाठी, घरात क्षयाचा रुग्ण, एचआयव्हीची बाधा यांपैकी काही असेल, तर चाकूआधी सुई, एवढेच म्हणणे आहे. मुलांत मात्र उतीचा पुरावा मिळवण्याचा शक्य तो प्रयत्न प्रत्येक वेळी व्हावा.

स्नेही वाचकांसाठी

आनंदीबाई जोशी १८८७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. त्या काळी औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ मधला. आज औषध आहे आणि सरकारी केंद्रात ते विनामूल्य मिळते. आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली आहे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिबंधक उपचार केवळ लहान मुलांपुरता राहिलेला नाही. फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील मोठ्यांचाही त्यात विचार होतो. पोटातला क्षय ताटावाटीतून पसरत नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवू नयेत. जपायचे ते फुप्फुसाच्या क्षयाच्या खोकल्यापासून. दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप किंवा खोकला असेल, वजन घटत असेल, तर तपासणी करून घ्यावी. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये.

सहकाऱ्यांना शेवटची विनंती बोलण्याविषयीची. अहवालात ‘शक्यता’ असे लिहिलेले असते. घरी पोहोचेपर्यंत तिचा निकाल होतो. त्या निकालावर जमिनी गहाण पडतात, मुलांच्या शाळा सुटतात. म्हणून उतीचा अहवाल हाती येईपर्यंत नातेवाइकांशी बोलताना मी एवढेच सांगतो : “गाठ आहे. ती कशाची आहे हे अजून ठरायचे आहे आणि ते ठरवण्याचा मार्ग आपल्या गावात उपलब्ध आहे.” हे वाक्य खरे असते आणि त्याने कोणाचेही नुकसान होत नाही.